‘छान झालंय गं’ म्हणत राहण्यात प्रीती आहे का?

ताई, सप्रेम सलाम.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. माझी एक जवळची मैत्रीण आमच्याच चर्चच्या मंडळीतली आहे. फेब्रुवारीत तिचे मिस्टर अचानक गेले. मुलगा दहावीला आहे. जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली तसे तिने डबे द्यायला सुरुवात केली. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडची मुलं इथं खोल्या घेऊन राहतात, त्यांना दोन वेळचा डबा, महिना 2,600 रुपये. शेगडी, मोठी भांडी आणि डबे घ्यायला तिने आमच्या बचत गटातून 40,000 रुपये कर्ज काढलं. त्या गटाची मी सचिव आहे.

सुरुवातीला 22 डबे होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर 13 राहिलेत. खरं सांगायचं तर तिच्या हातची चव बिघडली आहे. रस्सा पाण्यासारखा, चटणी विकतच्या पाकिटातली, तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरते, मीठ कधी खारट तर कधी नाहीच. रोज वाटीभर कालवण मला आणून देते आणि विचारते, “कसं झालंय गं?” मी म्हणते, “छान झालंय.” एवढं सोसलंय बिचारीनं, आणखी कशाला दुखवू? ती स्वतः दुपारी चहा-बिस्किटावर असते. सगळ्यांचे डबे भरून झाले की जेवावंसं वाटत नाही म्हणते.

मागच्या महिन्यात तिचा 2,100 रुपयांचा हप्ता मी माझ्याकडचे पैसे घालून भरला. वहीत तिच्या नावावर लिहिला. गटाला वाटतंय तिने भरला आणि तिला मी सांगितलं की गटाने एक महिना सवलत दिली. महिला संघाच्या प्रार्थना सभेत तिच्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनंती केली, तेव्हा डबे का कमी झाले तेही बोलून गेले. आता दोघी-तिघी बाहेर तेच बोलतात.

गेल्या रविवारी पाळकांनी प्रीतीवर संदेश दिला आणि मला झोप लागली नाही. खरं बोलले तर ती मोडेल, नाही बोलले तर मी खोटी. शिवाय खरं बोलावंसं वाटतं ते तिच्यासाठी, की गटाचे पैसे बुडतील या भीतीने, हेही मला उमगत नाही. गटाची बैठक 10 तारखेला आहे. काय करू?

— एक भगिनी, कोल्हापूर

प्रिय ताई, सलाम.

पडत्या काळात रोज जिच्या दारात वाटी घेऊन जावं अशी मैत्रीण तुमच्या मैत्रिणीला आहे, ही मोठी गोष्ट आहे. आपल्या संसारातले 2,100 रुपये काढून दुसरीचा हप्ता भरणं सोपं नसतं. हे मी मनापासून लिहिते आहे आणि आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं काही तुम्हाला कडू लागेल.

सुरुवात प्रार्थना सभेपासून करते. ते सगळ्यांत तातडीचं आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये ही सवय फार मुरलेली आहे. “प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं” असं एकदा म्हटलं की कुणाच्याही घरातलं काहीही बाहेर काढायची मोकळीक मिळते. डोळे मिटलेले असतात, आवाज हळवा असतो, म्हणून ती चहाडी वाटत नाही. पण ज्या बाईविषयी आपण बोलतो ती तिथं नसते, आपल्याविषयी काय बोललं गेलं हे तिला माहीत नसतं आणि तिला उत्तर देता येत नाही. प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय की भावाचा अपराध असेल तर आधी त्याच्याकडे जा आणि दोघंच असताना बोला. इथं तर अपराधही नाही. रस्सा पातळ होणं हे काही पाप नाही. मग जे तिला एकटीला सांगायला तुमची जीभ रेटली नाही, ते दहा-पंधरा बायकांसमोर सांगायला कशी रेटली, हा प्रश्न स्वतःला विचारा. मी तो टोचायला विचारत नाही. दुखवायचं नाही म्हणून तुम्ही गप्प राहिलात असं तुम्ही लिहिता, पण गप्प तुम्ही फक्त तिच्यासमोर राहिलात.

ज्या दोघी-तिघी बोलतायत त्यांना गाठा. त्यांना दोष देऊ नका, गोष्ट तुमच्याकडूनच गेली आहे. एवढंच म्हणा, “मी तिला न विचारता बोलले, ते बरोबर झालं नाही. मी तिला तसं सांगणार आहे. तुम्ही कृपा करून हे पुढं नेऊ नका.” आणि खरंच तिला सांगा. राजारामपुरीच्या एका गल्लीतली गोष्ट दुसऱ्या गल्लीत पोहोचायला वेळ लागत नाही. ती तिसरीकडून तिच्या कानावर गेली तर नंतर तुम्ही कितीही मायेने बोललात तरी ती ऐकणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, “छान झालंय” म्हणावं की नाही.

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केली, पण तिच्या मागची ओळ पाठ करून घेतल्याचं मला तरी आठवत नाही. ती बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. अठराव्या वचनात प्रीतीची आज्ञा, आणि तिच्या लगेच आधी सतराव्या वचनात असं आहे की भावाचा मनात द्वेष करू नकोस, शेजाऱ्याची कानउघाडणी कर, नाहीतर त्याच्या दोषाचा वाटा तुझ्याकडे येईल. दोन्ही एकाच दमात सांगितलं आहे. त्याच अध्यायात थोडं पुढं गेलं की खऱ्या तराजूची आणि खऱ्या मापाची आज्ञा आहे, आणि थोडं मागं गेलं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको असं आहे. म्हणजे जिथं प्रीती सांगितली तिथंच वजन-माप, मजुरी आणि तोंडावर खरं बोलणं आलंय. प्रीती ही मनातली ऊब आहे आणि व्यवहार ही वेगळी गोष्ट आहे, अशी विभागणी त्या अध्यायात कुठंच सापडत नाही.

शिवाय तुमच्या पत्रात आणखी काही शेजारी आहेत ज्यांच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं नाही. ती मुलं. चंदगडहून आलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं, घरून महिन्याला मोजके पैसे येतात, त्यातले 2,600 डब्याला जातात. ते तेच तेच तापवलेलं तेल खातंय. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात शरीराला अपाय करणारे घटक वाढतात. म्हणूनच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून नियम लागू केला की तेलातल्या अशा ‘ध्रुवीय’ घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरायचं नाही. घरात मोजायचं यंत्र कुणाकडे नसतं, पण तेल काळपट पडलं, लवकर धूर सोडायला लागलं, फेस धरायला लागलं की समजायचं. तुम्हाला हे दिसलंय. मैत्रिणीला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, तेव्हा त्या मुलांना काय झालं तर चालेल हेही न बोलता ठरवून टाकलंत. त्यांना बायबल माहीत नाही, आपली मंडळी माहीत नाही. डबा देणारी मावशी ख्रिस्ती आहे एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्यापुढं आपली साक्ष म्हणजे तो डबाच आहे.

आणि पैशाचा हिशेबही करून बघा. नऊ डबे गेले म्हणजे महिन्याला 23,400 रुपये गेले. त्याचं सगळं खापर मी तुमच्यावर फोडत नाही. पण सप्टेंबरमध्ये, पहिले दोन डबे बंद झाले असतील तेव्हा, “अगं, रस्सा जरा पातळ होतोय” एवढं एक वाक्य बोललं गेलं असतं तर तिच्या हातात काहीतरी राहिलं असतं. मुलांनी तिला सांगितलं नाही, मुलं सरळ दुसरीकडे गेली. ती परकी, त्यांनी तसं करणं साहजिक. तुम्ही घरच्या.

तुमची दुसरी बोच, की हे प्रेमाने की पैशाच्या भीतीने, त्यावर मला फार वेळ घालवावासा वाटत नाही. दोन्ही असणार. माणसाच्या मनात एकच हेतू निखळ असा क्वचितच असतो, आणि तो निखळ होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर कुणी कुणाला कधीच खरं सांगणार नाही. हेतू मिसळलेला असण्यात खोटेपणा नाही, तो लपवण्यात आहे. म्हणून तो तिला सांगून टाका. “मी गटाची सचिव आहे, कर्ज फिटलं नाही तर मलाही उत्तर द्यावं लागेल, त्याचीही मला काळजी आहे.” हे तुमच्या तोंडून आधी आलं की नंतर तिच्या मनात “हिला पैशाची पडलीय” असा किडा वळवळणार नाही.

आता त्या बिस्किटांविषयी. तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य मला ते वाटलं आणि तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. ती जेवत नाही. रोज एवढ्या जणांचा स्वयंपाक करणारी बाई स्वतः त्यातलं काही तोंडात घालत नाही, मग मीठ कमी-जास्त तिला कळणार कसं? फेब्रुवारीत नवरा गेला. आपल्याकडे घराघरातली वर्षाची चटणी उन्हाळ्यात होते. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, रांग लावायची. त्या दिवसांत ही घरात बसून भेटायला येणाऱ्यांना सांत्वनाची उत्तरं देत असणार. म्हणून पाकिटातली चटणी आली. मला ती आळशी किंवा लबाड झाली असं वाटत नाही. दुःखात माणसाची चव जाते, खाण्याची इच्छा मरते, हे खूप जणांच्या बाबतीत घडतं. ती तुम्हाला रोज वाटी आणून देते ना, तेव्हा ती कौतुक मागत नसेल, असा माझा कयास आहे. तिची जीभ सध्या तिला काही सांगत नाही, म्हणून ती तुमची जीभ उसनी मागते आहे. आणि तुम्ही तिला रोज चुकीची बातमी देता आहात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातला प्रसंग आठवा. पेत्र या शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलं होतं, त्यावर बोलणं भाग होतं. पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर उभा आहे आणि त्याने आधी काय केलं, तर कोळशाचा विस्तव पेटवला, त्यावर मासे ठेवले, भाकर ठेवली आणि म्हणाला, या, न्याहारी करा. जेवणं झाल्यावर मग तो पेत्राकडे वळला आणि “तू माझ्यावर प्रीती करतोस काय?” हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं असं योहान स्पष्ट लिहितो. म्हणजे प्रभूच्याही खऱ्या बोलण्याने वाईट वाटलं. ते टाळता आलं नाही आणि त्याने टाळलंही नाही. पण आधी पोट भरलं होतं, आणि नंतर लगेच हातात काम दिलं, माझी मेंढरं चार. मला इथं सगळी रीत दिसते. जेवू घालणं, खरं बोलणं आणि पुढच्या कामात सोबत घेणं. त्यातलं मधलं तेवढं उचललं तर ते कठोर होतं, आणि ते गाळलं तर नुसता पाहुणचार उरतो.

तेव्हा तिला घरी बोलावू नका, तुम्हीच जा. डबे गेल्यावर, मुलगा शाळेत असताना, दुपारी. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात नको, आणि मोबाइलवर मेसेज लिहून तर मुळीच नको. स्वतःच्या घरून भाकरी, पिठलं, ठेचा, जे तुमच्या हातचं तिला आवडतं ते न्या. दोघी बसून जेवा. ती “नको गं” म्हणेल, तरी तिचं ताट वाढा.

मग बोला. तुमची भाषा तुम्हाला माझ्यापेक्षा बरी जमेल, पण मी तुमच्या जागी असते तर साधारण असं बोलले असते: “अगं, तू मला रोज विचारतेस कसं झालंय, आणि मी छान म्हणते. ते खरं नव्हतं. रस्सा पातळ होतोय, मीठ चुकतंय, आणि तेच तेल तू फार वेळा वापरतेस. मला वाटतं पोरं त्याच्यामुळंच गेली. मी हे आधीच सांगायला पाहिजे होतं. तुला आधीच एवढं झालंय म्हणून माझं धाडस झालं नाही.” मग थांबा. लगेच “पण तुझ्या चपात्या किती मऊ असतात” असं गूळ लावायला जाऊ नका. तिला ऐकू द्या. रडली तर रडू द्या.

“सगळे म्हणतात” हे दोन शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. जे तुम्ही चाखलं, जे तुम्ही पाहिलं, तेवढंच बोला. वचनंही ऐकवू नका. मी या उत्तरात बरीच ऐकवली, पण ती तुमच्यासाठी. शोकात बुडालेल्या बाईला तिच्याच स्वयंपाकघरात वचन ऐकवलं की ते काठीसारखं लागतं.

एवढं बोलून उठून आलात तर मात्र तुम्ही तिला एकटीला टाकून आलात. याकोबाने लिहिलंय ना, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं “ऊब घे, तृप्त हो” म्हणून पाठवलं तर त्याचा उपयोग काय? खऱ्या बोलण्याचंही तसंच आहे. जी खरं सांगते तिनेच त्याच्या ओझ्याचा एक भाग उचलायचा असतो, असं माझं पक्कं मत आहे. “तुझा रस्सा बिघडलाय” हे सांगितलंत की तो सुधारेपर्यंत तुमचेही हात त्यात असायला हवेत.

आपल्याच गावातलं सांगते. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्यता वाईट आहे हे भाषणात सांगितलंच, पण गंगाराम कांबळेंची गोष्ट कोल्हापूर विसरलेलं नाही. सरकारी पागेतल्या या माणसाने सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला बेदम मारलं गेलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर ते निघालं, ‘सत्यसुधारक’ नावाचं. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक कुठून येणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागायचे, प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. महाराज ख्रिस्ती नव्हते, त्यांना आपल्या गोष्टीत ओढायचा माझा हेतू नाही. पण धंदा उभा करून देऊन ते घरी बसले नाहीत, सगळ्यांच्या देखत त्या कपाला तोंड लावलं, हे मला आपल्या कुठल्याही संदेशापेक्षा कमी वाटत नाही.

तुमच्या हातात काय आहे? तुमच्या घरची वर्षाची चटणी असेलच, त्यातली बरणीभर आजच द्या. मग एक दिवस ठरवून दोघी बाजारात जा. संकेश्वरी तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी, धणे, तीळ, खोबरं, लसूण. वर्षाची नको, येत्या उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढीच डंकावर करून आणा. त्या निमित्ताने ती घराबाहेर पडेल, ते मला चटणीइतकंच हवं आहे. रस्सा पातळ होतोय तो बहुधा खोबरं महाग म्हणून वाटणात हात आखडल्यामुळं. आठवड्यातून दोनदा चिकन देत असेल तर एकदाच द्यावं, पण वाटण पूर्ण घालावं. पोरांना ते चालतं. पातळ रस्सा कोल्हापुरात कुणाला चालत नाही. तळणीचे प्रकार महिनाभर बंदच ठेवावेत, म्हणजे उरलेल्या तेलाचा प्रश्न येणार नाही. आणि सध्या 13 च डबे राहू देत. 22 कडे परत धावण्याआधी हे 13 नीट होऊ देत. आणखी एक, ती वाटी येत राहू दे, पण दोन वाट्या येऊ देत. एक तुम्हाला, एक तिला, आणि तिची तुमच्यासमोर संपली पाहिजे.

तरीही डिसेंबर-जानेवारीपर्यंत ती जेवत नसेल, झोपत नसेल, तर पाळकांना सांगून भागणार नाही, डॉक्टरकडे घेऊन जा. सोबत जा. त्यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही.

आता वही. इथं मला तुमच्याशी थोडं कडक व्हावं लागेल. 2,100 रुपये भरले ही दया होती. वहीत तिच्या नावावर लिहिले हे खोटं, तिला सवलत मिळाली सांगितलं हे दुसरं खोटं, गटाला तिने भरले असं भासवलं हे तिसरं. एका चांगल्या कामाला तीन खोट्या गाठी बसल्या. बचत गटाचं सगळं बळ वहीत असतं हे सचिव म्हणून तुम्हाला मी सांगायला नको. नाबार्डने 1992 मध्ये गट आणि बँका जोडायला सुरुवात केली तेव्हापासून बायकांना तारण न ठेवता कर्ज मिळतं ते कशाच्या भरवशावर? नियमित बैठक, बचत, परतफेड आणि नीट लेखे यांच्याच. ज्यांच्याकडे गहाण टाकायला सोनं नाही त्यांची पत त्या वहीत आहे. ती एका जागी खोटी निघाली तर गटातल्या सगळ्याच जणींच्या नोंदींवर संशय येतो.

आणि तुमच्या मैत्रिणीला त्या खोट्याने काय मिळालं? गटाने सवलत दिली असं तिला वाटतं, म्हणजे पुढच्या वेळीही मिळेल अशी तिची समजूत झाली असेल. तिचं देणं तिच्यापासूनच लपवलंत.

बायबलातलं, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढून वाचा, एका बैठकीत होतं. अनेसिम नावाचा पळून गेलेला दास, त्याला पौल मालकाकडे परत पाठवतोय. मालकाचं काही नुकसान झालं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड असं तो लिहितो, आणि पुढं, मी पौल हे माझ्या हाताने लिहितो, मी फेडीन. त्याने गुपचूप पैसे पाठवले नाहीत आणि अनेसिमाचं काही देणं नाहीच असंही दाखवलं नाही. देणं उघड ठेवलं, आणि आपलं नाव त्याच्यापुढं लिहिलं. तुम्हाला जे करायचं होतं ते हेच होतं, फक्त अंधारात केलंत.

बैठकीत सांगा, “मागच्या महिन्याचा तिचा हप्ता मी भरला, नोंद मी चुकीची केली, ती दुरुस्त करते आहे.” जुन्या नोंदीवर खाडाखोड करू नका. तारीख घालून नवी दुरुस्तीची नोंद करा आणि अध्यक्षांची सही घ्या. ते 2,100 तिला भेट म्हणून द्यायचे की उसने, हे तिच्याशी बोलून ठरवा. तिला भेट नको असेल तर तिचा मान राखून उसने समजा. हप्ता झेपत नसेल तर गटासमोर मुदत वाढवून मागता येते. तो अर्ज तिने स्वतः द्यावा, तुम्ही तिच्या शेजारी बसा. गटातल्या बायका तुमच्यावर चिडतील, कदाचित सचिवपद काढून घेतील. घेऊ देत.

ती रागावली, दार लावलं, “माझा नवरा गेला आणि तुला रश्श्याची पडलीय” म्हणाली, तर? म्हणू शकते. वाद घालू नका आणि शब्दही मागे घेऊ नका. दुसऱ्या दिवशी चटणीची बरणी मुलाच्या हाती द्या. तिसऱ्या दिवशी डबे भरायच्या वेळी जाऊन उभ्या राहा. बोलली नाही तरी कांदा चिरायला लागा. आठवडा लागेल, महिना लागेल. तुम्ही रागावून तिच्याकडे जाणं थांबवलंत तर मात्र तुमचं खरं बोलणं तिला कायमचं टोमणा वाटेल.

एक सावधानी मात्र. मदत करता करता तिच्या स्वयंपाकघराच्या मालकीण होऊ नका. दर तिने ठरवायचा, पोरांशी बोलणं तिने करायचं. चव घेतल्यावर “मीठ हवंय” एवढं सांगा, मीठ तिला घालू द्या.

बैठक 10 ला आहे. त्याआधी दोन-तीन दिवस हातात ठेवून तिच्याकडे जा. त्या जेवणात रश्श्याचं बोला, प्रार्थना सभेत काय बोललात तेही सांगा आणि वहीतल्या हप्त्याचंही. एका दुपारी एवढं सगळं जड होईल असं वाटलं तर रश्श्याचं दुसऱ्या दिवसावर ढकला, पण वहीची आणि सभेची गोष्ट त्याच दिवशी सांगा. गटाच्या बायकांना कळायच्या आधी ती तिला तुमच्याकडून कळली पाहिजे.